मनुकांचा रस

गुरुवार, ३ जुलै

बारमध्ये! उपासना बारमध्ये!

चर्चच्या छपराचा तुकडा खाली आला, इंजिनिअरने दाराला पट्टी ठोकली, इथवर कोणाचा दोष नाही. छप्पर जुनं, कधीतरी पडायचंच. दुरुस्तीला निदान सहा महिने जाणार. मग शाळेचा हॉल मागा, एखादं गॅरेज बघा, मोकळ्या जागेत तंबू ठोका! आमच्या नव्या पाळकांना सापडलं काय — टायरच्या दुकानाशेजारचा बार. रविवारी सकाळी बंद असतो म्हणे. मालकीणबाई फार चांगल्या आहेत म्हणे. असतील!

पाळक सभेत उभं राहून सांगत होते, "लोक चर्चकडे येत नाहीत, तर चर्चने लोकांकडे जायला हवं." अहो, मग जा की लोकांच्या घरी! घरोघर आजारी माणसं पडली आहेत. तिथे जायला कोणी अडवलंय? पण नाही. तिथे उंच स्टुलं नाहीत ना.

मला वाटलं, घंटाकाका तरी उठतील. पंचांमधले सगळ्यांत जुने. चर्चची घंटा तेच वाजवतात, आणि उपदेश लांबला की खिशातलं घड्याळ काढून पाळकांना दिसेल असं धरतात. गाण्याच्या मध्ये कोणी खोकलं तरी मान वळवून बघणारा माणूस! तर ते म्हणाले काय — "जागा चालेल. बाटल्या दिसता कामा नयेत. सगळ्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप." झालं! बाटली दिसली नाही की बारचं चर्च झालं!

मीच उठले. म्हणाले, मला हे मान्य नाही. "का?" पाळकांनी अगदी गोड आवाजात विचारलं. काय सांगणार होते? "पावित्र्य" असं काहीतरी पुटपुटले. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. उद्यापासून मी जुन्या वळणाची, कुरकुरी बाई. होऊ दे.

खरं कारण इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे तोंडातून काढायचं नाही असा शब्द दिलाय. हे प्यायचे. थोडंथोडकं नाही. आधीच्या गावात ह्यांचं किल्ल्यांचं दुकान होतं, आणि किल्लीचे दात घासताना हात इतके थरथरायचे की गिऱ्हाईक तीच किल्ली घेऊन तिसऱ्यांदा परत यायचं. मग सुटली. कशी सुटली ते देव जाणे आणि मी जाणे. ह्या गावात आलो तेव्हा हे म्हणाले, "इथे मला कोणी ओळखत नाही. इथे मी किल्लीवाला, आणि रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवणारा. एवढंच राहू दे." राहू दिलं. नऊ वर्षं ह्या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. अजूनही बारवरून जायची वेळ आली की हे रस्ता ओलांडून पलीकडून चालतात. कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या येतं.

आणि आता दर रविवारी त्याच दारातून आत!

घरी आल्यावर म्हटलं, काहीतरी बोला. तर म्हणाले, "वाजवायचं तर आहेच. कुठे का असेना." आणि बाज्याच्या भात्याला चिकटपट्टी लावत बसले.

रविवार, ६ जुलै

चर्चच्या आवारात उभ्याने उपासना. पाय भरून आले, बाज्याचा आवाज वाऱ्यावर गेला. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याले पुढच्या महिन्यावर टाकले. पुढच्या रविवारपासून "नवी जागा". पाळक हे असं म्हणतात की जणू राजवाडाच मिळालाय.

बुधवार, ९ जुलै

आज अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

काकांनी कुलपाचं काढलं ना — मग ते कुलूप बसवणार कोण? मंडळीत किल्लीवाला एकच! पाळकांनी सकाळी ह्यांना हसत हसत सांगितलं, "तुमच्याइतकं चांगलं कोण बसवणार?" हे "बरं" म्हणाले. मला फोन केला आणि "दुपारी बारमध्ये जाऊन येतो" म्हणाले, जणू पोस्टात जाऊन येतात.

मी हॉस्पिटलच्या कपडेखोलीत होते. तिसऱ्या मजल्याच्या चादरी मोजायच्या राहिल्या होत्या, ऑपरेशनचे हिरवे गाऊन इस्त्रीतून यायचे होते. सगळं हाताखालच्या बाईवर टाकलं, डोकं दुखतंय म्हणाले आणि निघाले. टायरच्या दुकानासमोर उभी राहिले. उभं राहायला कारण हवं म्हणून टायर बघायला लागले. दुकानदार आला, कोणती गाडी म्हणाला. माझ्याकडे सायकलसुद्धा नाही! "बघतेय" म्हटलं. टायरमध्ये बघण्यासारखं काय असतं, पण त्या बिचाऱ्याने चार टायर काढून दाखवले.

हे बाहेर आले. मागून — घंटाकाका! हे कपाटाला कुलूप बसवत होते तेव्हा म्हातारा म्हणे सगळा वेळ शेजारी उभा होता, हातात स्क्रू धरून. ह्यांना जसं काम येतच नाही! स्वतः नियम काढायचा आणि वर पहारा करायला जायचं. नुसती लुडबुड!

हे घरी आले. शर्ट धुवायला टाकला. मी तो उचलून वास घेतला. लोखंडाचा कीस, तेल, घाम. बाकी काही नाही. मग माझीच मला इतकी लाज वाटली की शर्ट दोनदा धुतला.

रविवार, १३ जुलै

बघितला बाई एकदाचा बार.

पायरी उतरून आत. जमीन अशी चिकट की चप्पल प्रत्येक पावलाला चुक् करून सुटते. शास्त्रवाचनाला उठलेली बाई पुढे जाईपर्यंत चुक्, चुक्, चुक्. पोरं हसून हसून बेजार. भिंतीवर आरसा, त्यात सगळ्या मंडळीचे पाठमोरे अंबाडे आणि टकलं. पाळकांच्या डोक्यावर बरोब्बर पाटी — "आज दोनावर एक मोफत". खाली पाळक कृपेवर बोलताहेत! कोणाला ती पाटी काढायचं सुचलं नाही. काकांनी मात्र रिकाम्या फळ्यांवरसुद्धा पांढऱ्या चादरी टांगल्या होत्या. माझ्या खात्यातल्या चादरींपेक्षा मळक्या.

आणि मेज! प्रभूचं मेज म्हणून बिलियर्डचं टेबल! त्यावर फळी, फळीवर चादर. कडेने हिरवा कपडा डोकावतोय, कोपऱ्यात गोट्या पडायच्या जाळ्या लोंबताहेत. पुढच्या महिन्यात त्यावर भाकर आणि प्याले मांडायचे. कोणी मांडायचे? मी! कारण नऊ वर्षं मीच मांडते.

अर्ध्यावर दार उघडून एक माणूस आत आला. रोजचा असणार. काउंटरपाशी गेला, स्टुलावर चढला, वाट बघत बसला. मालकीणबाईंनी कानात काहीतरी सांगितलं. तो "हात्तिच्या" म्हणाला, चांगला मोठ्याने, पण बसून राहिला. शेवटच्या गाण्याला उभाही राहिला. पाळकांना तर स्वर्ग ठेंगणा झाला. "बघितलंत?" मला म्हणाले. बघितलं! तो जायचं कुठे हे न कळून बसला होता.

ह्यांचा बाजा काकांनी काउंटरकडे पाठ करून ठेवायला लावला. म्हणजे बिचाऱ्यांना पाळकही दिसत नाहीत. गाणं कधी सुरू करायचं ते कळायला मान वाकडी करावी लागते. कोणालाच काही वाटत नाही.

मी शेवटपर्यंत ह्यांच्या मानेकडे बघत होते. उपदेश कशावर होता कोणी विचारू नये.

गुरुवार, १७ जुलै

बुधवारची प्रार्थनासभा न्हाव्याच्या दुकानात झाली. खरंच! पाळक म्हणतात, हीसुद्धा लोकांचीच जागा. मी गेले नाही. गेलेल्या सांगत होत्या, एकाची अर्धी दाढी झाली होती, त्याने साबण तोंडाला तसाच ठेवून डोळे मिटले. "आमेन" म्हणताना फेस उडाला. पुढे म्हणे लाँड्री, मग बस डेपोची कँटीन. गावातली एक जागा सोडायची नाही असा पणच केलाय ह्या माणसाने.

हे हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. मी नाही हसले. मी ठरवलंय, हसायचं नाही.

शनिवार, २६ जुलै

ठरलं. मी करणार नाही!

पाळक आणि त्यांची बायको घरी आली. प्रभुभोजन जवळ आलं, "तुमचा रस" कधी आणून देता म्हणे. माझा रस! ह्या मंडळीत वाइन नसते. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, मंद आचेवर उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, थंड करून काचेच्या त्या इवल्याशा प्याल्यांत भरायच्या. आम्ही ह्या गावात आलो आणि दोनच महिन्यांत जुन्या पाळकांनी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, हे काम माझ्यावर सोपवलं. केवढा मान वाटला होता! आणि केवढा जीव भांड्यात पडला होता. प्याला आपल्याच हातचा. ह्यांनी घाबरायचं काही कारणच नाही.

मी साफ सांगितलं — "बारमध्ये न्यायला मी मनुका उकळणार नाही. त्या बिलियर्डवर मी मेज मांडणार नाही. चर्चमध्ये परत चला, मग करीन."

पाळक म्हणाले, "जागा महत्त्वाची नसते हो, मनं महत्त्वाची." मी म्हणाले, "मग मनाचाच रस काढा!" त्यांच्या बायकोला हसू आलं, तिने चहाच्या कपात तोंड घातलं. पोरगी वाईट नाही. म्हणाली, काळजी करू नका, दुकानात द्राक्षरसाच्या बाटल्या मिळतात, मी बघते.

बघ बाई! तुमचं तुम्ही बघा!

सोमवार, २८ जुलै

घंटाकाका. काल एकदा, आज परत. दारात उभे. "बाकी काही करू नका. मेज मांडू नका, यायचंसुद्धा नसेल तर येऊ नका. रस तेवढा तुम्हीच करा." का? म्हटलं, बाजारचा चालतो की. "तुमच्या हातचाच हवा." कारण सांगतील तर शपथ. हुकूम सोडायचा आणि काठी टेकत चालू लागायचं! मी नाही म्हणाले ते नाहीच. तर माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर.

बारला "जागा चालेल" म्हणणारा हा माणूस. त्याच्या शब्दासाठी मी मनुका उकळू? नाव नको!

रविवार, ३ ऑगस्ट

स्वस्थ बसवेना म्हणून लिहायला बसले. दुपारचे तीन. हे आत पडून आहेत, भिंतीकडे तोंड करून.

सगळं नीट लिहिते.

पाळकांच्या बायकोने बाटलीबंद रस आणला होता. काल मोठ्या जगमध्ये ओतून बारच्या फ्रीजमध्ये ठेवला. आज सकाळी तोच जग बाहेर काढला, प्याल्यांत ओतला. मी बघत होते, लांबून, हाताची घडी घालून. मेजावरची चादर एका बाजूला लोंबत होती तरी उठले नाही.

आमच्याकडे प्याले वाटतात, हातात धरून ठेवतात, पाळक "घ्या" म्हणाले की सगळे एकदम घेतात. ट्रे माझ्याकडे आला. मी प्याला घेतला, मांडीजवळ धरला. आणि वास आला.

तो वास मी विसरेन? जग उलटं झालं तरी नाही. रस नव्हता तो! वाइन होती!

ट्रे शेवटी बाज्याकडे जातो. काकाच नेतात. मी पाहिलं, ह्यांनी प्याला उचलला. वर नेला. मला ओरडायचं होतं. पण ओरडू काय? घेऊ नका? कोणाला? का? सगळी मंडळी वळून बघणार, आणि मग नऊ वर्षांचं सगळं त्या चिकट जमिनीवर सांडणार. पाळक "घ्या" म्हणाले. सगळ्यांनी घेतलं.

ह्यांचा प्याला मिशीपर्यंत गेला होता. तिथे थांबला. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लांब वेळ होती ती. मग हात खाली आला. प्याला भरलेलाच, बाज्याच्या झाकणावर ठेवला. ठेवताना काचेचा आवाज झाला — हात थरथरत होता. तो हात! इतक्या वर्षांनी परत तो हात!

पाळकांनी गाणं सांगितलं. ह्यांनी दुसऱ्याच गाण्याची चाल सुरू केली.

रिकामे प्याले गोळा करायला काका निघाले. बाज्यापाशी थांबले. भरलेला प्याला बघितला. ह्यांच्याकडे बघितलं नाही. इकडे तिकडे नजर टाकली, प्याला उचलला आणि गटकन पिऊन टाकला! दुसऱ्याच्या वाटणीचा प्याला! प्रभुभोजनाचा! आणि काही घडलंच नाही अशा थाटात रिकामा ट्रेमध्ये ठेवून पुढे. ऐंशीच्या घरात आला माणूस आणि एवढी हाव? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा प्याला मी रुमालात ओतला.

बाहेर पडताना चष्म्याच्या दुकानातली बाई, अजून वर्ष नाही झालं मंडळीत येऊन, सगळ्यांना सांगत होती, "ह्या वेळचा रस काय सुरेख जमला होता!" नऊ वर्षं मी मनुका उकळते. एकदा, एकदा तरी कोणी असं म्हणालंय? जुनी माणसं मात्र खाली मान घालून छत्र्या शोधत होती.

रस्त्याने हे एवढंच बोलले, "वास तोच होता."

मी मेज मांडलं असतं तर — नाही. हे मी लिहिणार नाही. बारमध्ये कोण घेऊन गेलं? मी?

सोमवार, ४ ऑगस्ट

ह्यांनी दुकान उघडलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज उघडलं. मी कामावरून परस्पर तिथे गेले. एक बाई घराची किल्ली करून घ्यायला उभी होती. ह्यांनी किल्ली यंत्रात धरली, सोडली, परत धरली. शेवटी म्हणाले, "उद्या या." मी आयुष्यात ह्यांना "उद्या या" म्हणताना ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं. त्या वेळी रोज ऐकायची.

"घेतलीत का?" मी विचारलं. सरळ विचारलं.

"नाही."

"खरं?"

"खरं. पण काल रस्ता ओलांडायचा विसरलो."

मला कळलं. बारच्या बाजूनेच चालत गेले होते. आत नाही गेले. दारापुढून गेले.

मग म्हणाले, आता बाजा वाजवणार नाहीत. त्या बारमध्ये नाही, आणि चर्च दुरुस्त झालं तरी नाही. "ट्रे माझ्याकडे यायला लागला की माझं लक्ष गाण्यावर राहणार नाही. आत काय आहे हेच बघत बसेन. दुसरा कोणी बघा म्हणावं." जाणारच नाहीत उपासनेला. आवाज चढवला नाही, डोळे ओले नाहीत. कुलूप दुरुस्त होणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगतात ना, तसं सांगितलं.

बाजा सोडणार! दारू सुटली तेव्हा संध्याकाळी हातांना काहीतरी हवं म्हणून शिकले तो बाजा. तोच काढून घेतला ह्यांच्याकडून. कोणी? त्या बारने! त्या पाळकाने! त्या मालकीणबाईने, जिने फ्रीजमधल्या रसाच्या जागी वाइन ओतली! सोडणार नाही मी. शनिवारी जातेच.

शनिवार, ९ ऑगस्ट

गेले. दुपारी, दार उघडायच्या आधी. मालकीणबाई काउंटर पुसत होत्या. धिप्पाड बाई, चष्मा केसांत खोचलेला. मी रस्ताभर वाक्यं पाठ करत गेले होते. पहिलंच वाक्य — लाज नाही वाटली?

म्हणाल्या, "या, या! कशी होती?"

"काय?"

"वाइन हो! त्या दिवशीची."

त्या लाजल्यासारख्या झाल्या. जग फ्रीजमध्ये दिसला, जरा चाखला म्हणे, तर नुसतं साखरेचं पाणी. "मला वाटलं, गरीब मंडळी आहे, परवडत नसेल. देवाच्या मेजावर लहान मुलांचं सरबत? मला बरं नाही वाटलं. माझे हे गेले त्याच्या आधी आम्ही दोघांनी दोन बाटल्या ठेवल्या होत्या, चांगल्या दिवसासाठी. त्यानंतर चांगला दिवस कुठला यायला! म्हटलं, ह्याहून चांगला कोणता?" पाळकांनाही सांगितलं नव्हतं. गुपचूप द्यायचं होतं. कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच.

सरबत सिंकमध्ये ओतून त्या जपून ठेवलेल्या बाटल्या आमच्या जगमध्ये!

"कोणाला आवडली नाही का?" त्यांनी विचारलं. चेहरा एवढासा झाला होता.

पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. काय सांगणार? परत तेच! जिथे जावं तिथे तोंडाला कुलूप. "छान होती," म्हणाले. मी! "छान होती" म्हणाले! त्यांनी मला बसवून चहा पाजला. पुढच्या वेळेला वाइन नको, आमच्याकडे रसच लागतो, रीत आहे, एवढं कसंबसं सांगितलं. "रीत का?" म्हणाल्या. मला काय ठाऊक! पहिल्यापासून आहे म्हटलं.

घरी येताना रडू आलं ते रागाचंच. निदान ओरडायला एक माणूस मिळायला हवा होता.

रविवार, १० ऑगस्ट

गेलो नाही. दोघंही. उपासनेची वेळ झाली तेव्हा हे टेबलाशी बसले होते, आणि बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती. पहिलं गाणं. मग दुसरं. मी पाहतेय कळल्यावर हात खिशात घातले.

सोमवार, ११ ऑगस्ट

संध्याकाळी घंटाकाका. मी दार अडवूनच उभी राहिले. आज सगळं ऐकवणार होते, त्या प्याल्यासकट. पण माझ्या खांद्यावरून आत बघत ते थेट ह्यांच्याशीच बोलायला लागले.

"तुम्ही आलात तेव्हा आपल्याकडे वाइनच होती. पहिल्या प्रभुभोजनाला तुम्ही एकटेच आला होता, ट्रे न घेता पुढे सरकवलात. जुन्या पाळकांनी तुमचे हात पाहिले. त्यांचा बाप दारूतच गेला होता. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं गावाला होता. त्यांनी सगळ्या मंडळीला थांबवलं आणि म्हणाले, एका माणसाला प्याला घेता येत नाही, तर आपण सगळ्यांनी प्याला बदलू. ह्यावर कोणी कधी बोलायचं नाही. आणि रस त्याच्या बायकोलाच करू द्यायचा, म्हणजे तिला धास्ती राहणार नाही. सगळे हात वर झाले."

"मग बारला होकार कसा दिलात?" मी ओरडलेच.

"नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं," काका म्हणाले. "तुम्हाला विचारलं तसं."

घड्याळ काढून बघितलं, रविवारी दहाला या, म्हणाले आणि गेले.

मग ह्यांनी विचारलं, "मनुका आहेत का घरात?"

सगळ्या मंडळीला माहीत होतं. नऊ वर्षं! आणि मी त्यांच्यापासून लपवत होते. आता चिडू तरी कोणावर!